कोरी ठेवलेली चौकट

आमच्या शाळेच्या सभागृहात संस्थापकांचे मोठे चित्र आहे, आणि त्या चित्रात संस्थापकांना उजवा कान नाही. तो केसांखाली झाकलेला नाही की सावलीत गेलेला नाही. कानाच्या जागी कागद तसाच पांढरा सोडलेला आहे. शाळेत नवा शिक्षक रुजू झाला की पहिल्या आठवड्यातच तो कोणाला तरी त्याबद्दल विचारतो. मीही विचारले होते. रिहे खोऱ्यातल्या त्या माध्यमिक शाळेत मी गणित शिकवायला आले तेव्हा ज्यांना विचारले, तेच त्या चित्राचे चित्रकार निघाले. ते आमचे चित्रकलेचे सर.

त्यांनी सांगितले, मूळ फोटो पासपोर्टच्या आकाराचा होता आणि अर्जाला टाचणीने लावलेला होता. टाचणी गंजली आणि तिने कान खाल्ला. मी म्हणाले, कान कसा असतो हे तर सर्वांनाच ठाऊक असते.

"कान कसा असतो ते ठाऊक आहे, बाई. त्यांचा कसा होता ते नाही."

पुढे कळले की संस्थापकांचे नातू एकदा समारंभाला आले होते आणि चित्र पाहून रागावले होते. आजोबांना दोन्ही कान होते, असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. सरांनी ते तत्काळ मान्य केले, खिशातून पेन्सिल काढली, शिडी मागवली आणि नातवांना नम्रपणे विचारले की पाळी चिकटलेली होती की सुटी, वरची कड गोल होती की टोकदार. नातू चित्राकडे एकदा पाहून चहाला गेले. शिडी परत ठेवण्यात आली.

सरांच्या कामाची पद्धत चौकटींची होती. ती सोपी आहे आणि चित्रकलेच्या तासाला बहुतेकांनी ती कधीतरी केलेली असते. लहान चित्रावर सारख्या मापाच्या बारीक चौकटी आखायच्या. मोठ्या कागदावर तेवढ्याच संख्येच्या, पण मोठ्या चौकटी आखायच्या. मग लहान चौकटीत रेघ जिथून शिरते आणि जिथून बाहेर पडते, तिथूनच ती मोठ्या चौकटीत न्यायची. पूर्ण चित्राकडे पाहायचे नाही. एका वेळी एकच चौकट पाहायची. त्यासाठी सरांच्या खिशात पुठ्ठ्याची एक खिडकी असे, मध्ये चौकोनी भोक पाडलेली. ती डोळ्याला लावून ते फळा पाहत, डोंगर पाहत, कधीकधी मुख्याध्यापकांनाही पाहत.

या पद्धतीने त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिवतापाच्या प्रचारासाठी डास काढला होता. पाठ्यपुस्तकातला बोटभर डास त्यांनी म्हशीच्या पारडाएवढा केला. पायांवरचा एकेक केस मोजून मोठा केला. काम कसे दिसते ते पाहायला ते मागे सरकत गेले आणि पाठमोरेच भातखाचरात पडले. चिखलाने भरलेल्या कपड्यांनी उठून ते पहिल्यांदा काय म्हणाले, तर सोंड अर्धा अंगुळ डावीकडे गेली आहे. लहान मुले त्या भिंतीसमोरून जायला भीत, म्हणून पुढे सरपंचांनी डासावर चुना फिरवला. चुना पातळ होता. पावसाळ्यात भिंत ओली झाली की डास पुन्हा दिसू लागे.

शाळेला संगणक मिळाले ते याच काळात. शेतावर बंगला बांधलेल्या शहरातल्या एका गृहस्थांनी ते दिले आणि त्यांच्याबरोबर एक डिजिटल कॅमेराही दिला. गणिताची शिक्षिका म्हणून दोन्ही माझ्या ताब्यात आले. एका दुपारी मी सरांना पडद्यावर एक फोटो मोठा करून दाखवला. तो आणखी मोठा केला, आणखी केला, आणि चेहरा नाहीसा होऊन पडदाभर रंगीत चौकोन उरले.

सर खुर्चीवरून उठले. त्यांनी पुठ्ठ्याची खिडकी पडद्यावर धरली आणि ती एकेका चौकोनावरून सरकवत नेली.

"म्हणजे यानेही आधी चौकटीच आखल्या," ते अखेर म्हणाले. "फक्त रेघ काढायची राहिली."

मी त्यांना समजावून सांगितले की प्रत्येक चौकटीत एकच रंग असतो, त्याहून बारीक काही त्या फोटोला माहीत नसते. फोटो मोठा केला की चौकटींच्या मध्ये नव्या जागा निर्माण होतात आणि त्या भरायला यंत्र शेजारच्या चौकटींची सरासरी काढते. त्यामुळे चित्र मऊ दिसते, पण त्यात नवी माहिती आलेली नसते.

"म्हणजे अंदाज."

मी म्हणाले, हो, पण हिशेबाने केलेला अंदाज.

"अंदाजच ना," ते म्हणाले आणि तासाला गेले.

सर घरी राहत ते थोरल्या भावाकडे. स्वतःचा संसार त्यांनी केला नव्हता. वडील लवकर गेले तेव्हा दादांनी शाळा सोडून औत धरले आणि या धाकट्याला चित्रकलेच्या शिक्षणासाठी पुण्याला धाडले. दादांना मूलबाळ नव्हते. घरात दादा, वहिनी आणि सर, अशी तीनच माणसे. मी त्यांच्याकडे एकदोनदा जेवायला गेले होते. दोघे भाऊ भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी बसत, दादा उजवीकडे आणि सर त्यांच्या डाव्या अंगाला. सरांचे वय पन्नाशीच्या पुढचे, पण दादांशी बोलताना ते ताटाकडे पाहत. त्या घरात ती रीत होती. बापाच्या जागी असलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही.

दादांना विसर पडू लागला तो मुख्यतः जमिनीच्या बाबतीत. ओढ्याकाठची खाचरे त्यांनी विकली होती आणि तिथे कुंपण घालून बंगला झाला होता. तरी दादा सकाळी फावडे घेऊन तिथे जात आणि हिरवळीत बांध घालू लागत. बंगल्याचा राखणदार भला माणूस होता. तो त्यांना चहा देई आणि हाताला धरून घरी आणून सोडी. मग एका बाजारच्या दिवशी दादा फावडे न घेताच निघाले, पौडला जाणाऱ्या जीपमध्ये बसले, आणि पौडला उतरल्यानंतर त्यांना ओळखीच्या कोणीही पाहिले नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवताना फोटो मागितला गेला, आणि तेव्हा ध्यानात आले की फोटो नाही. मतदार ओळखपत्र होते. त्यावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग छापलेला होता, जसा त्या वेळी पुष्कळांच्या ओळखपत्रावर असे. लग्नात फोटो काढणारा आला नव्हता. ज्या सरांनी अर्ध्या खोऱ्याचे वाडवडील भिंतींवर मोठे करून दिले होते, त्यांनी दादांचे चित्र कधी काढले नव्हते. समोर बसवल्याखेरीज चित्र निघत नाही, आणि समोर बसवले की पाहावे लागते.

मी शाळेच्या संगणकातले सगळे फोटो शोधले. आदल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या एका फोटोत पालकांच्या शेवटच्या रांगेत दादा सापडले. ते कॅमेऱ्याकडे सरळ पाहत होते. डोक्यावर टोपी होती, डावा कान दिसत होता, उजव्याच्या आड पुढच्या माणसाचे मुंडासे आले होते. सबंध फोटोत त्यांचा चेहरा नखाएवढा होता. मी तो मोठा करत गेले आणि तो चौकोनांत विरघळत गेला.

सरांनी मोठ्या कागदावर चौकटी आखल्या आणि पडद्याजवळ बसून काम सुरू केले. कपाळापर्यंत आले आणि हात थांबला.

"बाई, भुवईवर एक वण होता. बैलाने शिंग मारलं होतं. मी लहान होतो, सगळं तोंड रक्ताने भरलेलं आठवतं. कुठल्या भुवईवर, ते आठवत नाही."

मी विचार करून म्हणाले, सर, तुम्ही नेहमी त्यांच्या डावीकडे बसत होतात. डावीकडचा वण तुम्हाला रोज दिसला असता. ज्याअर्थी आठवत नाही, त्याअर्थी तो उजवीकडेच असला पाहिजे.

त्यांनी माझे म्हणणे नीट ऐकून घेतले.

"हा तर्क झाला, बाई. पाहिलेलं नव्हे."

त्यांनी वहिनींना विचारले. मी तिथे होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवले.

"वण हाय. पर कुटल्या अंगाला, त्ये मी कसं सांगू भावजी? मी काय कदी त्यांच्या म्होरं बसून जेवले?"

पौडच्या बाजारात एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या तरुण मालकाने नवे सॉफ्टवेअर आणले होते आणि कितीही लहान फोटो क्वालिटी न घालवता मोठा करून देतो, अशी पाटीच लावली होती. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याने केलेले चेहरे हिंजवडीच्या रस्त्यापर्यंत लागलेले असत. सर त्या पाटीला आजवर हसत आले होते. त्या आठवड्यात त्यांनी मला बरोबर घेतले आणि फोटो तिकडे नेला.

दोन दिवसांनी चेहरा तयार झाला. तो स्वच्छ होता, उजळ होता, मागे निळा रंग होता. कातडीवर एकही चौकोन दिसत नव्हता. सर तो प्रिंट उजेडाकडे धरून पाहत राहिले.

"हा उजवा कान कुठून आणला?"

"डावाच उलटा करून बसवला, सर," मालक म्हणाला. "कान काय, दोन्ही सारखेच असतात की."

संस्थापकांचा कान माझ्या डोळ्यांसमोर आला. सरांच्याही आला असणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भुवयांकडे पाहिले, दोन्ही भुवया नितळ होत्या. निदान चेहरा म्हणून एक चेहरा होता, एवढे मात्र खरे.

"छापा," ते म्हणाले.

पत्रके एसटी थांब्यांवर लागली, चहाच्या टपऱ्यांवर लागली, कंपन्यांच्या गाड्या थांबतात त्या चौकांत लागली. आणि फोन येऊ लागले. कोणाला हा म्हातारा देवळाच्या पायरीवर दिसला होता, कोणाला वीटभट्टीवर, कोणाला पुलाखाली. रविवार आला की सर एसटीने निघत. सोमवारी मधल्या सुट्टीत मी विचारायची नाही. ते आपण होऊनच सांगत. "होता, बाई. चित्रासारखा होता. दादासारखा नव्हता."

फोन करणाऱ्यांपैकी कोणीही खोटे सांगत नव्हते, हे मला पुढे नीट समजले. यंत्राने सरासरी काढली होती. सरासरीचा चेहरा कोणाचाच नसतो, म्हणून तो थोडाथोडा सगळ्यांचा असतो. त्या पत्रकावर एक म्हातारा माणूस होता, आणि मुळशीपासून पुण्यापर्यंत म्हातारी माणसे पुष्कळ होती.

ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका चहावाल्याचा फोन आला तो पावसाळा संपताना. त्याच्या टपरीवर एक म्हातारा काही दिवसांपासून बसून होता, नाव सांगत नव्हता, आणि हुबेहूब पत्रकासारखा होता. सर गेले. त्यांनी लांबूनच विचारले, "दादा?" म्हातारा म्हणाला, "व्हय."

सरांना तो दादा नाही हे दिसले नसेल, असे मला वाटत नाही. पण कोणीतरी 'व्हय' म्हटले होते. ते त्याला जीपमध्ये घालून घरी घेऊन आले. शाळा सुटल्यावर मीही गेले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. म्हातारा अंगणातून आला, उंबरा ओलांडून आत आला. वहिनींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलेच नाही.

"ह्ये न्हवंत, भावजी. त्यांचा चौकटीला हात लागल्याबिगर पाय आत पडत न्हाई."

 सर भिंतीला टेकले आणि हळूहळू खाली बसले. म्हातारा मध्ये उभा होता, कोणी काही सांगेल म्हणून वाट पाहत.

"त्यांस्नी म्हणावं हातपाय धुवा," वहिनी आत जाता जाता म्हणाल्या. "भाकरी टाकते."

पोलीस ठाण्यात वर्दी दिली गेली. चौकशी होईपर्यंत म्हातारा तिथेच राहिला. दादांच्या जागी त्याला बसवायचे की नाही, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी आला. सरांनी त्याचे ताट भिंतीशी आपल्या जागी मांडले, भिंतीकडे तोंड करून बसता येईल असे स्वतःचे ताट त्याच्यासमोर ठेवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते त्या घरात कोणाच्या तरी समोर बसून जेवले. वहिनी मला सांगत होत्या की भावजी घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहतात.

काही दिवसांनी त्यांनी मला कॅमेरा घेऊन बोलावले. म्हाताऱ्याला अंगणात, छपराच्या सावलीत बसवले होते. सर मला पुढे या म्हणाले, आणखी पुढे या म्हणाले. चेहऱ्याने कॅमेऱ्याचा पूर्ण पडदा भरेपर्यंत त्यांनी मला सोडले नाही.

"आता घ्या. जे आहे ते सगळं आत्ताच घ्या. मागून वाढवायला काही राहू देऊ नका."

मी मुलांना आजही हेच शिकवते. फोटो मोठा करताना त्याचा दर्जा वाढवता येत नाही. फार तर असलेला सांभाळता येतो. तो गोळा करायचा असतो फोटो घेताना, जवळ जाऊन, उजेडात. सरांनी ते मोजक्या शब्दांत सांगितले होते. 

सरांनी पुठ्ठ्याची खिडकी काढली आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्याचा एकेक भाग पाहून, मी घेतलेल्या फोटोत तो आला आहे की नाही, याची खात्री केली. कपाळावरच्या आठ्या होत्या. हनुवटीवरची चामखीळ होती. डाव्या कानाची पाळी फाटून दोन झालेली होती, तीही स्पष्ट आली होती. स्टुडिओच्या मालकाला सरांनी एकच सूचना दिली, काहीही नीट करू नकोस.

नवे पत्रक लागले आणि थोड्याच दिवसांत घाटाखालून एक बाई आली, नवरा बरोबर होता. अंगणात येताच तिने म्हाताऱ्याचे डोके दोन्ही हातांत धरले. सारखे तेवढेच म्हणत होती, "बाला कानावरनं वळाकला. एसटीतनं कागद दिसला तवा नुसता कान दिसला, आन् मी उतरले." म्हातारा 'व्हय' म्हणाला. तो सर्वांनाच 'व्हय' म्हणत असे, पण या वेळी त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वहिनींनी भाकरी बांधून दिल्या. जीप वळणापर्यंत गेली तोवर सर अंगणात उभे होते. मग ते आत गेले, म्हाताऱ्याचे ताट उचलून फळीवर ठेवले आणि आपले ताट परत भिंतीच्या बाजूला मांडले, जिथे ते पूर्वी असे तिथे, उजवीकडची जागा सोडून.

पुढच्या रविवारी ते पुन्हा एसटीने निघाले. माझी समजूत झाली की आणखी फोन आला असेल. फोन आला नव्हता. लोखंडी पट्टी घेऊन ते थांब्याथांब्यावर उतरले आणि दादांच्या नावाने लावलेले ते स्वच्छ, उजळ चेहरे त्यांनी खरवडून काढले. एका टपरीवाल्याने विचारले, सापडला का माणूस? सरांनी सांगितले, नाही, पण हा तो नव्हे.

दादा सापडले नाहीत. सर काही वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापकांनी संस्थापकांच्या कानाचा उल्लेख केला, सगळे हसले, सरही हसले. मग माझी बदली झाली, म्हणून मी शेवटचे एकदा त्यांच्या घरी भेटायला गेले. वहिनी थकल्या होत्या. त्यांनी बसल्या जागेवरूनच सरांना चहा करायला सांगितला.

समोरच्या भिंतीवर मोठी तसबीर होती. शाळेतल्या संस्थापकांएवढी. जवळ जाऊन पाहिले तेव्हा कळले की आत तोच कागद होता, जो त्यांनी संगणकासमोर बसून आखला होता. खालच्या कोपऱ्यात स्नेहसंमेलनाच्या फोटोतला चेहरा चिकटवला होता, मूळ आकारात, नखाएवढा. कपाळाच्या त्या काही रेघा खोडून टाकलेल्या होत्या. सगळा कागद पेन्सिलीच्या फिकट चौकटींनी भरलेला आणि पूर्ण कोरा होता.

नाही, पूर्ण नव्हे. एका बाजूला, जिथे यायला हवा त्या चौकटींत, एक कान काढलेला होता. वरची कड किंचित दुमडलेली, मागे ऊन लागून काळवंडलेली कातडी, पाळीवर भोक बुजल्याची बारीक खूण, कानात वाढलेले तीन पांढरे केस. शेजारी बसून आयुष्यभर जेवणाऱ्या माणसाला दिसतो तसा, डावा कान.

सरांनी माझ्या हातात कप दिला.

"एवढाच पाहिलेला आहे, बाई," ते म्हणाले.